पायरीवरचे दोन खळगे

फार पूर्वी, दोन डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या एका गावाकडे एक मुलगी बैलगाडीतून परत येत होती. सहा वर्षांची असताना मामानं तिला दूरच्या शहरात शिकायला नेलं होतं. आता ती बावीस वर्षांची झाली होती आणि गावाचं तिला काहीच आठवत नव्हतं. तिची आई त्या गावची सुईण. गेल्या वर्षी आई वारली आणि गावानं निरोप धाडला, "पोरीला पाठवा. आमच्या लेकीसुनांना आता कोणी नाही."

गाडीत बसल्या बसल्या तिनं मनाशी गावाचं चित्र रंगवलं होतं. म्हातारी माणसं भिंतींना टेकून बसली असतील. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाची कंबर गेलेली. आपण जाऊ, एकेकाला हात देऊन उठवू. तिच्या पेटीत औषधांच्या बाटल्या होत्या, वह्या होत्या, आणि डोक्यात तर इतके बेत होते की वाटभर तिनं गाडीवानाला बोलूच दिलं नाही.

गाडी गावात शिरली तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेवर नुकता येत होता. मुलीनं समोर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "थांबा जरा."

प्रत्येक घराबाहेर जांभ्या दगडाची एक पायरी होती, आणि प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी एका पायावर उभं होतं. सत्तरीचे म्हातारे, ऐंशीच्या म्हाताऱ्या, सुना, लहान मुलं. डाव्या तळहातावर राखुंडी, उजव्या हाताचं बोट तोंडात आणि एक पाय गुडघ्यात दुमडून वर घेतलेला. कोणी बोलत नव्हतं, कोणी हलत नव्हतं. पाणथळ जागी बगळे उभे असावेत तसं अख्खं गाव उभं होतं.

एका म्हातारीचे अर्धे दात घासून झाले. चूळ भरायला ती पायरीखाली ठेवलेल्या तांब्याकडे वाकली, पण वर घेतलेला पाय तिनं टेकला नाही. डोकं पुढे गेलं तसा तो पाय सरळ मागे गेला, पाठ आडवी झाली, आणि क्षणभर ती म्हातारी तराजूच्या दांडीसारखी एका पायावर तोललेली राहिली. मग तांब्या घेऊन ती सावकाश वर आली, चूळ भरली, पाय बदलला आणि उरलेले दात घासू लागली.

"हे काय चाललंय?" मुलीनं विचारलं.

"दात घासतायत," गाडीवान म्हणाला आणि त्यानं बैलांना हाक मारली.

ती म्हातारी मुलीच्या शेजारचीच निघाली. आईच्या घराची किल्ली तिच्याकडेच होती. किल्ली देताना तिनं मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. "नाक आईचं आहे. पाय बघू."

"पाय?" मुलगी हसली.

"असू दे, असू दे. दमली असशील. पेज पाठवते."

मुलगी दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. घरोघर जाऊन ती वडीलधाऱ्यांना समजावू लागली, "आजोबा, दात बसून घासत जा. या वयात पडलात तर खुबा मोडेल. मोडलेला खुबा जुळत नाही." आजोबा म्हणायचे, "बरं बाय." आजी म्हणायच्या, "शिकलेली आहे हो पोर." आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला की सगळे पुन्हा एका पायावर.

गावाला लागूनच खोल घळ होती. तळाशी नदी पांढरी होऊन धावायची, तिचा घोंघाट बारा महिने चालायचा. घळीच्या पलीकडे अकरा घरांची वाडी होती. अलीकडून पलीकडे जायला साकव, म्हणजे आडवा टाकलेला एकच ओंडका. जाडजूड, गोल आणि तुषारांनी कायम ओला.

"याला कठडा का नाही?" मुलीनं गावच्या माणसांना विचारलं. "दुसरा ओंडका शेजारी टाकला तर?"

"टाकून बघितलाय," एक जण म्हणाला. "कठडाही केला होता. पूर येतो तेव्हा फांद्या, झाडं अडकतात त्यात, मग सगळंच घेऊन जातो. एकट्या ओंडक्यावरून पाणी निघून जातं, साकव राहतो."

"मग माणसं पडत नाहीत?"

तो माणूस विचारात पडला. "माझ्या आठवणीत एक बोकड पडला होता," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी मुलीचं लक्ष स्वतःच्या दारातल्या पायरीकडे गेलं. पायरीवर शेजारी शेजारी दोन खळगे होते. पुढे उथळ, मागे वाटीएवढे खोल. त्यात पाणी साचलं होतं आणि पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तिनं आजूबाजूला पाहिलं, तर प्रत्येक पायरीवर तसे दोन खळगे. छपराच्या पागोळ्यांनी पडले असतील, असं तिला वाटलं. सांगण्याआधी आपण करून दाखवावं म्हणून तिनं चुना आणि विटेचा भुगा कालवला आणि आपल्या पायरीचे दोन्ही खळगे लिंपून सपाट केले.

शेजारची आजी तिथेच शेंगा सोलत बसली होती. "काय करतेस गं बाय?"

"खळगे बुजवतेय. पाणी साचलं की डास होतात आजी, आणि डासांनी ताप येतो. तुमचेही बुजवून देते उद्या."

आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती बराच वेळ त्या ओल्या चुन्याकडे पाहत होती.

"तुझ्या आईनं कधी बुजवले नाहीत," ती म्हणाली.

"आई शिकली नव्हती ना आजी."

"खरं आहे. शिकली नव्हती." एवढंच बोलून आजीनं सूप उचललं आणि ती घरात गेली.

सातव्या दिवशी, जेवणं व्हायच्या वेळेला, वाडीतला एक तरुण साकवावरून धावत आला. हो, धावतच. त्याची बायको पहाटेपासून अडली होती. पहिलंच बाळंतपण.

"चला लवकर!" तो म्हणाला. "कालपर्यंत हसत होती हो. आता मला ओळखतसुद्धा नाही."

मुलीनं पिशवी खांद्याला मारली आणि ती साकवापर्यंत पळाली. ओंडक्यावर तिनं उजवा पाय ठेवला, मग डावा. तिसऱ्या पावलाला पाय उचलला आणि तिला कळलं की टेकलेला पाय आपला नाहीच. तो थरथरत होता. थरथर गुडघ्यातून कमरेत चढली आणि ती मटकन बसली. दोन्हीकडे पाय सोडून बसावं तर ओंडका तेवढा अरुंद नव्हता. पालथी पडून तिनं त्याला मिठी मारली. खाली पांढरं पाणी फिरत होतं आणि त्याबरोबर सगळी घळ फिरत होती.

"मी पाठीवर घेतो!" तरुण ओरडला.

"आणि दोघंही जा खाली," मागून आवाज आला. शेजारची आजी ओंडक्यावर आली होती. तिनं मुलीचे घोटे धरले आणि लहान बाळाला रांगायला लावावं तसं उलट रांगत तिला काठावर आणलं.

जे जे ती शिकली होती ते सगळं अलीकडच्या काठावर उभं होतं, आणि ज्या बाईला त्याची गरज होती ती दीडशे पावलांवर, पलीकडे. ओरडून सांगावं तर नदी शब्द गिळून टाकत होती.

"त्यांची पाणमोट फुटली का?" तिनं तरुणाला विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "ते... मला आत कोण घेतंय?"

"तू बाजूला हो," आजी म्हणाली. तिनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती मुलीकडे वळली. "सांग. एका वेळी एकच सांग. म्हातारीच्या डोक्यात जास्त राहत नाही. मी नेते, आणि तिकडचं बघून येते."

मुलीनं डोळे पुसले. "बाईला उताणी झोपवली असेल तर डाव्या कुशीवर करा. आणि कोणी पोट दाबत असेल तर आधी त्यांचा हात काढा."

आजी निघाली. अनवाणी पाय ओंडक्यावर पडत होते तेव्हा ना घाई होती, ना रेंगाळणं. पलीकडे जाऊन ती एका घरात दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळानं परत आली. "दाबत होत्या. दोघीजणी. शिव्या घातल्या. पाणमोट फुटलीय, पाणी स्वच्छ आहे. पोर थकलीय फार."

"कोमट पाण्यात गूळ घालून घोट घोट पाजा. कळ नसेल तेव्हा जोर करायचा नाही, म्हणावं. श्वास घ्यायचा नुसता."

आजी पुन्हा निघाली. पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कुठल्या अंगाला लागते ते मुलीनं तिला विचारलं, आजीनं ते बघून आणलं. बाईला हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवी करून हळूहळू झुलवायला सांगितलं, आजीनं तेही नेलं. काठावर गाव जमलं होतं. ऐंशी वर्षांची ती बाई एकेक वाक्य घेऊन घळ ओलांडत होती, आणि परतताना तिथली हकीकत आणत होती, एक शब्दही न सांडता.

सहाव्या खेपेला मुलगी म्हणाली, "आता डोकं दिसू लागेल. घाई करू नका. बाळ झालं की आईच्या छातीवर ठेवा. वार आपोआप पडते, ती ओढू नका. आजी, काही झालं तरी ओढू नका."

"ओढायची नाही," आजी म्हणाली आणि गेली.

या वेळी ती लवकर परत आली नाही. उन्हं डोंगरावर सरकली. मुलगी काठावर बसून होती, नखांनी गवत उपटत होती.

शेवटी पलीकडे आजी दिसली. ती साकवावर चढली, निम्म्यापर्यंत आली आणि मध्येच थांबली. आजीच्या तळव्याला ओलं पान चिकटलं होतं. तिनं तो पाय उचलला. घळीच्या बरोब्बर मध्यावर, घसरड्या ओंडक्यावर, पांढऱ्या पाण्याच्या वर ती एका पायावर उभी राहिली. पाय हातात धरून पान सोडवलं, खाली टाकलं, आणि ते गिरक्या घेत पाण्यावर जाऊन पडेपर्यंत मान वाकवून पाहत राहिली. मग पाय टेकला आणि चालू लागली.

मुलगी श्वास घ्यायचा विसरली होती. देवळात मूर्तीसमोरही तिला कधी असं झालं नव्हतं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"पोरगी झाली," आजी काठावर उतरत म्हणाली. "आई बरी आहे. वार पूर्ण पडली, मी ओढली नाही. आणि पोरगी अशी रडतेय, की नदी नसती तर इथे ऐकू आली असती."

बाळाच्या बापानं मुलीच्या पायाशी डोकं टेकलं. मुलीनं पाय मागे ओढून घेतले.

संध्याकाळी ती आजीच्या पडवीत गेली. हिरडा भरून बैलगाडी उद्या सकाळी परत जाणार होती.

"आजी, मी तुमच्या कामाची नाही. उद्या गाडीनं जाते."

"जा की. कोण अडवतंय?" आजी पाय चोळत होती. सहा खेपांनी तेही दुखत होते, हे पाहून मुलीला उगाचच रडू आलं.

"एक सांगा फक्त. हे तुम्ही कसं करता? काही व्रत असतं का? काही साधना?"

"दात घासते."

"आजी, थट्टा नको."

"थट्टा कसली? साकवावर माणूस दोन पायांवर उभं असतं कधी? एक पाय पुढे टाकायला उचललेलाच असतो. म्हणजे सगळा साकव एका पायावरच ओलांडायचा. मग एका पायावर उभं राहायला शिकायचं कुठे? पडलं तरी चालेल अशा जागी, आपल्या दारात. वेगळा वेळ कोणाला आहे? दात मात्र रोज घासायचेच असतात. वरचे उजव्या पायावर, खालचे डाव्या." आजीनं मुलीच्या बेंबीवर बोट टेकवलं. "आज थरथरत होता तो पाय नव्हता, हे होतं. हे जागं असलं की पाय आपोआप जागचा हलत नाही."

मुलीनं स्वतःच्या बेंबीवर हात ठेवून पाहिला.

"तुझी आई बत्तीस वर्षं या साकवावरून गेली-आली," आजी म्हणाली. "तुझ्या वेळेला नववा महिना होता तिला. वाडीतली एक बाई अडली. आम्ही नको नको म्हणत होतो. पोट पुढे, पिशवी पाठीला, आणि गेली. तिकडचं बाळंतपण करून परत आली. पोरी, तू जन्माआधीच हा साकव ओलांडला आहेस, जाताना आणि येतानासुद्धा."

"ती कुठे शिकली हे?"

"सासूनं शिकवलं. सासूला तिच्या सासूनं." आजीनं हनुवटीनं समोरच्या दाराकडे खूण केली. "त्या पायरीवर. जांभा मऊ म्हणतात, पण तो काही लोणी नाही. चार पिढ्यांच्या टाचा रोज टेकल्या तेव्हा तेवढा झिजला."

मुलीनं वळून पाहिलं. पायरीवर चुन्याचे दोन पांढरे चट्टे संध्याकाळच्या उजेडात उठून दिसत होते. आईचं सोळा वर्षांत तिला काही दिसलं नव्हतं, एक पत्रही नव्हतं, कारण आईला लिहिता येत नव्हतं. आणि आई रोज जिथे उभी राहायची, तिचा पाय जिथे दगडात उमटला होता, ती जागा तिनं स्वतःच्या हातांनी लिंपून टाकली होती.

"तुम्ही मला अडवलं का नाही?"

"तू डासांचं खरंच बोललीस. खऱ्याला कसं अडवायचं? तेव्हापासून चूळ भरून झाली की मीही खळग्यातलं पाणी फडक्यानं टिपून घेते. सगळ्यांना सांगितलंय तसं." आजी हसली. "तू आम्हाला एक शिकवलंस. आम्ही तुला एक शिकवलं असतं. पण तुला जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीवानानं हाक मारली, "पेटी चढवू का, ताई?"

मुलगी पायरीवर उकिडवी बसली होती. हातात लोखंडी उलथनं होतं. ती चुना खरवडत होती, हळूहळू, खालच्या दगडाला ओरखडा जाऊ नये म्हणून बोटांनी चाचपत. तिनं मान वर केली नाही.

"पेटी राहू द्या. मामाला सांगा, मी इथेच राहतेय. आणि पुढच्या वेळी याल तेव्हा औषधांची दुसरी पेटी घेऊन या."

गाडीवान मान डोलावून गाडीवर चढला. मग पागोट्याला हात लावून त्यानं बैल वळवले.

शेवटचा भुगा तिनं फुंकून काढला. पाण्यानं खळगे धुतले. मग उठली आणि उजवी टाच खळग्यात ठेवली. टाच नेमकी बसली. दगड गार होता. तिनं डावा पाय उचलला आणि लगेच भेलकांडली.

"पायाकडे बघू नकोस," शेजारच्या पायरीवरून आजी म्हणाली. तिच्या तोंडात राखुंडी होती. "समोर फणसाच्या खोडावर गाठ आहे ती बघ. तुझी आई तीच बघायची. गुडघा जरा सैल सोड. बेंबी आत, पाठीला लागेल अशी. श्वास रोखू नकोस."

मुलीनं पुन्हा पाय उचलला. गाठीवर नजर लावली. एक, दोन, तीन, चार. पाय टेकला.

"चार," आजी म्हणाली. "वाडीतली धाकटी सून चार महिन्यांची गरोदर आहे. पाच महिने आहेत तुझ्याकडे."

मुलीनं मान डोलावली आणि पाय पुन्हा उचलला. डोंगराच्या कडेवर सूर्य आला होता. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर गाव एका पायावर उभं होतं, आणि त्या ओळीत इतके दिवस मोकळी असलेली एक जागा आता भरली होती.

"अगं पण," आजी म्हणाली, "दात घासायचे राहिले तुझे."

तात्पर्य: शिकलेलं सगळं शेवटी आपल्याच पायांनी गरजवंताच्या दारापर्यंत न्यावं लागतं. तो पाय ऐन वेळी डगमगू नये असं वाटत असेल, तर त्याला रोज थोडा वेळ, आपल्याच दारात, एकट्यानं उभं राहायला शिकवावं.